‘हो’च्या आधी आणि ‘हो’च्या नंतर : ‘क्रिस्तपुराण’ वाचताना मोकळी निवड शोधायची कुठे?

लॅबमध्ये चहाच्या वेळी एका सहकाऱ्यानं सहज विचारलं, “तुम्ही ठाण्याचे कॅथलिक म्हणजे पोर्तुगीजांनी बाटवलेले ना?” बोलण्यात खवचटपणा नव्हता. हा प्रश्न मला शाळेपासून ऐकायची सवय आहे, आणि उत्तरही ठरलेलं आहे : “हो, चारशे वर्षांपूर्वी.” पण त्यानं पुढे विचारलं, “मग तू स्वतः कधी निवडलंस?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी सेंट्रिफ्यूजचं निमित्त करून उठले.

या ब्लॉगवर मी एरवी संशोधन प्रश्न कसा मांडावा, लिटरेचर रिव्ह्यू कसा करावा, सिनॉप्सिस का नाकारला जातो असल्या गोष्टी लिहिते. आज एका पुस्तकाची समीक्षा करणार आहे. पण मुद्दा तोच आहे. “लोकांनी स्वखुशीनं निवडलं” किंवा “लोकांवर लादलं गेलं” ही दोन्ही विधानं आपण सर्रास करतो. पुरावा मागितला की दोन्ही बाजू पहिल्या क्षणाकडे बोट दाखवतात, म्हणजे बाप्तिस्मा झाला त्या दिवसाकडे. माझं म्हणणं असं, की निवड मोकळी होती की नाही हे त्या एका दिवसावरून फारसं कळत नाही. त्याआधी प्रश्न विचारता आला का, आणि त्यानंतर दार उघडं होतं का, हे बघावं लागतं. हे मला शिकवलं ते मराठीतल्या एका जुन्या ग्रंथानं, पण त्या ग्रंथातल्या उणिवांमुळे.

ग्रंथ कोणता, आणि आपण नेमकं काय वाचतो?

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ साली वारला. मधली बरीच वर्षं त्यानं साष्टी भागात काढली. तिथली भाषा शिकून त्यानं मराठी ओवीत बायबलची कथा रचली, तेच ‘क्रिस्तपुराण’. १६१६ साली ते राचोलला रोमन लिपीत छापलं गेलं. ‘पैलें पुराण’ ३६ अवस्वरांचं आणि ‘दुसरें पुराण’ ५९ अवस्वरांचं, मिळून सुमारे ११ हजार ओव्या. पुढे १६४९ आणि १६५४ साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या.

आता संशोधनाच्या तयारीत असलेल्यांनी इथे थांबायचं. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. आपण वाचतो ते नंतरच्या हस्तलिखितांवरून तयार झालेलं आहे. जोसेफ साल्ढाणा यांनी हस्तलिखितं जुळवून १९०७ साली मंगळूरहून रोमन लिपीत आवृत्ती काढली. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ साली पुण्यातून निघाली. फादर कॅरिदाद द्रागो यांची देवनागरी आवृत्ती १९९६ची. शिवाय लंडनमध्ये मार्सडेन संग्रहात एक देवनागरी हस्तलिखित आहे. त्याची भाषा जास्त संस्कृतप्रचुर आहे आणि रोमन प्रतींतल्या पोर्तुगीज शब्दांच्या जागी तिथे संस्कृत शब्द दिसतात. तेव्हा “स्टीफन्स म्हणतो” असं लिहिण्याआधी कुठल्या प्रतीतला स्टीफन्स, हे सांगायला हवं. हस्तलिखितांचा हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

एक प्रश्न, जो विचारला गेला

ग्रंथाच्या सुरुवातीला एक प्रसंग आहे. साष्टीत पाद्री नव्या ख्रिस्ती लोकांना धर्मशिक्षण देतो आहे. त्यांच्यातला एक शिकलासवरला माणूस उठून विचारतो. त्याच्या म्हणण्याचा आशय असा : आमची जुनी पुराणं तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरं पुराण का देत नाही? पाद्रीला प्रश्न आवडतो, आणि तो कथा सांगायला घेतो. पुढेही श्रोते शंका विचारत राहतात, पाद्री समाधान करत राहतो.

हा प्रसंग मला पहिल्या वाचनात फार आवडला होता. एक तर स्टीफन्सनं पुराणाचा साचा नीट ओळखला आहे. आपल्याकडे श्रोता आणि वक्ता यांच्याशिवाय पुराण उभंच राहत नाही. दुसरं म्हणजे त्यानं श्रोत्याला मूर्ख केलं नाही. नवा ख्रिस्ती हा हात जोडून ऐकणारा पुतळा नाही, त्याला काहीतरी हवं आहे आणि ते मागायची त्याला हिंमत आहे. श्रद्धा ठेवणाऱ्याला आपल्या भाषेत, आपल्या छंदात समजून घ्यायचं असतं, ही गोष्ट स्टीफन्सला कळली होती. त्या काळच्या किती मिशनऱ्यांना ती कळली असेल, मला शंका आहे.

दुसऱ्या वाचनात मात्र एक गोष्ट खटकली. हा माणूस प्रश्न विचारतो, पण केव्हा? बाप्तिस्मा झाल्यावर. आणि काय विचारतो? बंदी का घातली, हे विचारत नाही. बंदी धरून चालतो आणि बदली पुस्तक मागतो. त्याचा ‘हो’ आपल्याला दिसतच नाही, ग्रंथ सुरू होण्याआधीच तो होऊन गेला आहे. त्या ‘हो’च्या आधी त्याच्या मनात काय चाललं होतं, घरात कोण रडलं, शेजारी काय म्हणाले, यातलं काहीही ११ हजार ओव्यांत नाही. ग्रंथात शंका चिक्कार आहेत, पण शंका घेऊन उठून गेलेला माणूस नाही. शेवटचा शब्द दर वेळी पाद्रीचाच.

आत येताना मोकळीक, बाहेर जाताना नाही

यावर कोणी म्हणेल, बाई, १६१६ साली अपेक्षा तरी काय करणार? रास्त आहे. म्हणूनच तेव्हाचा नियम काय होता ते बघू. तो आपल्या समजुतीपेक्षा वेगळा आहे.

श्रद्धा जबरदस्तीनं होत नाही, हे चर्चला आधुनिक काळात अचानक सुचलेलं नाही. संत ऑगस्टीननं ते म्हटलं होतं. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यानं स्पष्ट मांडलं, की ज्यांनी ख्रिस्ती श्रद्धा कधी स्वीकारलीच नाही त्यांना ती स्वीकारायला भाग पाडू नये, कारण विश्वास हे इच्छेचं काम आहे. पण त्याच ठिकाणी त्यानं दुसरी बाजूही मांडली. ज्यांनी एकदा स्वीकारली आणि मग सोडली, त्यांना वचन पाळायला भाग पाडता येतं. म्हणजे आत येणं इच्छेचं, बाहेर जाणं गुन्ह्याचं.

गोव्यातला कारभार याच तर्कावर चालला. १५६७ सालच्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेनं कोणालाही धाकदपटशानं ख्रिस्ती करू नये असं ठरवलं. त्याच सभेनं देवळं पाडण्याच्या आणि हिंदू पुरोहितांना हद्दपार करण्याच्याही शिफारशी केल्या. १५५९च्या राजाज्ञेनं पोरक्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन त्यांना बाप्तिस्मा देण्याची सोय केली होती. आणि १५६०पासून बसलेल्या इन्क्विझिशनचा अधिकार मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांवर होता. क्रिस्तपुराण छापायलाही त्याच यंत्रणेची परवानगी लागली. तो प्रश्न विचारणारा श्रोता कुठल्या खोलीत बसून विचारतोय, हे आता तुम्हाला दिसेल. प्रश्न विचारायला बंदी नाही, उठून जायला आहे.

यात सगळ्यात चमत्कारिक गोष्ट स्टीफन्सचीच आहे. तो एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडमधून आला होता, जिथे कॅथलिक राहणं हाच अपराध होता. त्याचा जवळचा मित्र थॉमस पाउंड श्रद्धेपायी सुमारे तीस वर्षं तुरुंगांत राहिला. स्टीफन्स रोमला पोचला आणि १५७५ साली जेझुइट झाला. सत्तेच्या विरोधात जाऊन, देश सोडून श्रद्धा निवडणं म्हणजे काय हे त्याला अंगानं ठाऊक होतं. १५८३ साली कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना मारलं, तेव्हा त्यांचे मृतदेह मिळवण्याचं काम त्यानं केलं. त्या गावाची देवळं आधी पाडली गेली होती, हे त्याला माहीत असणारच. इंग्लंडमध्ये ज्या बाजूला तो उभा होता, साष्टीत त्याच बाजूला गावकरी उभे होते. हा विचार त्याच्या मनाला कधी शिवला का? ग्रंथात त्याचा मागमूस मला दिसत नाही. क्रिस्तपुराणावर माझा खरा आक्षेप हा आहे. भाषेबद्दल इतका संवेदनशील असलेला कवी स्वतःचा अनुभव श्रोत्याला देऊ शकला नाही.

दोन सोपी वाचनं

या ग्रंथाबद्दल आपल्याकडे साधारण दोन प्रकारे लिहिलं जातं. एक प्रकार ‘संगमा’चा : पूर्व-पश्चिम मीलन, ओवी आणि बायबल, मराठीचं केवढं कौतुक. दुसरा प्रकार ‘हत्यारा’चा : धर्मांतर पक्कं करायला वापरलेलं गोड औषध. पहिल्या वाचनात बंदी गायब होते, दुसऱ्यात वाचणारा माणूस गायब होतो. दोन्ही वाचनं लेखकाच्या हेतूवर थांबतात. आपण विज्ञानवाले म्हणू, की इनपुट मोजलं, आउटपुट बघितलंच नाही. ग्रंथ ज्यांच्यासाठी होता त्यांनी त्याचं पुढे काय केलं?

इथे ती हस्तलिखितं परत येतात. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयनं स्थानिक भाषेवर वरवंटा फिरवणारा हुकूम काढला, पोर्तुगीज शिकून घ्या म्हणून. क्रिस्तपुराण पुन्हा छापलं गेलं नाही. तरी ते आपल्यापर्यंत पोचलं, कारण लोकांनी ते हातानं उतरवून घेतलं. ११ हजार ओव्या बोरूनं उतरवणं म्हणजे काय काम आहे, विचार करा. यात नोकरी मिळत नव्हती, सरकार खूश होत नव्हतं, इन्क्विझिशन सुटका देत नव्हतं. जे काम केल्यानं लाभ नाही आणि न केल्यानं शिक्षा नाही, ते माणूस करतो तेव्हा तो त्याचा स्वतःचा ‘हो’ असतो. सुरुवातीच्या प्रसंगात मला जो ‘हो’ सापडत नव्हता, तो असा नकलणाऱ्यांच्या हातात सापडला. पणजोबानं कशाखाली डोकं ओलं करून घेतलं ते मला माहीत नाही. पण कुणाच्या तरी पणतूनं रात्री दिव्याखाली बसून आदाम-एवेची गोष्ट उतरवली, ती त्यानं निवडली होती.

ठाण्यातला प्रयोग

आता गोव्याहून घरी येऊ. खोपटच्या एसटी डेपोवरून तलावपाळीकडे चालत गेलं, की थोड्याच वेळात मासुंदा तलावाजवळचं संत योहान बाप्तिस्ता चर्च लागतं. तिथून हाकेच्या अंतरावर जांभळी नाक्याकडे कौपिनेश्वराचं मंदिर, ज्याचा जीर्णोद्धार १७६० साली मराठ्यांच्या सुभेदारानं केला. आणि पुढे सेंट्रल जेल, म्हणजे पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला. एका फेरीत अख्खा प्रश्न फिरून होतो.

कारण ठाण्यात तसा एक नैसर्गिक प्रयोग होऊन गेला आहे. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी : आपण काही न करता परिस्थितीच एखादा घटक काढून घेते, आणि परिणाम बघायला मिळतो, त्याला नैसर्गिक प्रयोग म्हणतात. १७३७ साली मराठ्यांनी ठाणं घेतलं, १७३९ साली वसई पडली. ज्या सत्तेनं बाप्तिस्म्यामागे बळ लावलं होतं ती गेली. बहुतेक युरोपी पाद्री निघून गेले, गावं मुख्यतः स्थानिक पाद्रींनी सांभाळली. इंग्रज ठाण्यात आले १७७४ साली. म्हणजे ३७ वर्षं, दीड पिढी, इथे ख्रिस्ती राहण्यात सरकारदरबारी काहीच फायदा नव्हता. जर श्रद्धा निव्वळ जबरदस्तीनं टिकली असती, तर जबरदस्ती उठल्यावर ती विरघळायला हवी होती. तशी ती विरघळली नाही. साष्टी-वसईच्या गावांत मिस्सा चालू राहिली. फ्रान्सिस्कु वाझ द गिमराइश याचं येशूच्या दुःखसहनाचं मराठी पुराण, १६५९चं, उपवासकाळात इथल्या घरांत गायलं जात असे, आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईत त्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. विकत घेणारे असल्याशिवाय आवृत्ती निघत नाही.

हे मी पहिल्यांदा मांडलं तेव्हा स्वतःवर खूश होते. मग माझ्यातल्या विज्ञानाच्या विद्यार्थिनीनं दोन आक्षेप काढले, आणि दोन्ही खरे आहेत.

पहिला : दार उघडं होतं, पण बाहेर अंगण होतं का? ख्रिस्तीपण सोडलेल्याला जुन्या जातीत पंक्तीला कोण बसवणार? सोडायची मुभा असून जायला जागा नसेल, तर राहणं म्हणजे निवड म्हणता येत नाही. एक घटक काढला तरी दुसरा जागेवरच आहे, प्रयोग स्वच्छ नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. मी राहिलेल्यांची वंशज आहे, म्हणून मला राहिलेलेच दिसतात. ठाणे जिल्ह्याच्या १८८२च्या गॅझेटियरमध्ये ख्रिस्ती होऊन पुन्हा हिंदू झालेल्या आगऱ्यांच्या गटाची नोंद आहे. त्यांची नातवंडं-पतवंडं आज ठाण्यातच असतील, पण आमच्या चर्चच्या स्मरणिकेत त्यांचा फोटो नाही. यालाच सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात, टिकलेल्यांवरून सगळ्यांबद्दल बोलणं. पण गंमत बघा, हाच आक्षेप पहिल्या आक्षेपाला थोडं उत्तरही देतो. काही जण परत गेले, याचा अर्थ दार अगदीच भिंतीत चिणलेलं नव्हतं. अरुंद होतं. मग जे राहिले त्यांच्या राहण्यात थोडी तरी निवड होती, असं म्हणायला जागा आहे. किती, ते मोजता येत नाही. प्रबंधात मी एवढंच लिहीन आणि पुढचं वाक्य खोडीन.

लक्ष्मीबाईंनी लावलेला वेळ

क्रिस्तपुराणात जे नाही ते मराठीत दुसरीकडे आहे, आणि तेही भरभरून : लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त. त्या कॅथलिक नव्हेत, प्रॉटेस्टंट. पण मोकळ्या निवडीचं याहून चांगलं वर्णन मला मराठीत माहीत नाही. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. त्या रडल्या, रागावल्या, नातेवाइकांकडे राहिल्या, परत नवऱ्याकडे आल्या तरी सोवळं आपलं वेगळं ठेवलं. बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. मधल्या पाच वर्षांत बदल झाला तो आधी चुलीपाशी आणि पाण्याच्या भांड्यापाशी. विटाळ म्हणजे काय, तो कोणी ठरवला, हे त्यांनी स्वतःशी भांडून ठरवलं, आणि धर्माचा प्रश्न त्यानंतर आला.

समीक्षा म्हणून दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवले, की फरक प्रतिभेचा नाही, जागेचा आहे हे कळतं. स्टीफन्सचा श्रोता ‘हो’च्या नंतर बोलतो, लक्ष्मीबाई ‘हो’च्या आधीची पाच वर्षं बोलतात. त्यांना ‘नाही’ म्हणता येत होतं, आणि त्यांनी ते बराच काळ म्हटलंही. म्हणून त्यांच्या ‘हो’ला वजन आहे.

खरं तर कॅथलिक परंपरेला हे नवीन नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात देवदूत मरियेकडे येतो, तेव्हा ती लगेच होकार देत नाही. आधी विचारते, हे होणार कसं? उत्तर ऐकते, मग हो म्हणते. बाराव्या शतकात संत बर्नार्डनं तर आपल्या प्रवचनात कल्पना केली, की सगळं जग श्वास रोखून या मुलीच्या उत्तराची वाट बघतंय. वाट बघावी लागते, याचा अर्थ ती नाही म्हणू शकत होती. जिथे नकाराला जागा नाही तिथे वाट कोण बघेल?

आजचं चर्च, आणि सातव्या वर्षाचा योगायोग

७ डिसेंबर १९६५ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर केला, २३०८ विरुद्ध ७० मतांनी. श्रद्धा हे स्वभावतःच मोकळेपणानं करायचं कृत्य आहे, सरकारनं किंवा कोणीही त्यात बळजबरी करू नये, आणि चर्चच्या इतिहासात कधीकधी याच्या उलट वागणूक झाली, हे त्यात कबूल केलं आहे. अक्वायनसच्या अर्ध्या नियमाचा दुसरा अर्धा पूर्ण व्हायला सातशे वर्षं लागली.

पण कागदावर झालं म्हणजे झालं नाही, आणि इथे मला माझ्याच घरच्या व्यवस्थेबद्दल बोलायला हवं. कॅथलिक घरात बाप्तिस्मा तान्हेपणी होतो. आईवडील आणि धर्ममाता-धर्मपिता बाळाच्या वतीनं उत्तरं देतात. स्वतःचा ‘हो’ पुढे दृढीकरणात यायचा असतो. चर्चचा कायदा समजेचं वय सात वर्षं धरतो. दृढीकरण आपल्याकडे बहुतेक शाळेच्या वयात होतं, वर्गातल्या सगळ्यांचं एकदम, पांढरे कपडे, फोटो, घरी जेवण.

आपल्यापैकी ज्यांनी एथिक्स कमिटीचे फॉर्म भरलेत त्यांना एक योगायोग दिसेल. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी संमती घ्यायची, १२ ते १८ची लेखी. पालकांची सही असली तरी मुलाला विचारायचं. आणि कुठल्याही टप्प्यावर सहभागी बाहेर पडू शकतो, त्यामुळे त्याचं नुकसान होता कामा नये. रक्ताच्या पाच मिलिलिटरसाठी आपण इतकी काळजी घेतो. दृढीकरणाच्या वर्गात “तुला हे नको असेल तर?” हा प्रश्न कोणी किती गांभीर्यानं विचारतं? मला कोणी विचारला नव्हता. जबरदस्ती नव्हती, फक्त प्रश्नच नव्हता. क्रिस्तपुराणातल्या श्रोत्यासारखीच मी ‘हो’च्या नंतर बोलायला लागले.

हेच चर्च दुसरीकडे मात्र फार शहाणपणानं वागतं. एखाद्या मुलीला धर्मभगिनी व्हायचं असेल, तर किमान १२ महिने नवशिक्षण, मग निदान तीन वर्षं तात्पुरती व्रतं, त्यानंतर कायमची. दर टप्प्याला ती परत जाऊ शकते. धाकानं, भीतीनं किंवा फसवून घेतलेला प्रवेश रद्दच ठरतो. लग्नालाही तोच नियम, दबावाखालचं लग्न चर्च लग्न मानत नाही. म्हणजे प्रश्न कसा विचारायचा, वेळ कसा द्यायचा, दार कसं उघडं ठेवायचं, हे चर्चला पुरेपूर येतं. साध्या घरातल्या तेरा वर्षांच्या पोरापर्यंत ते पोचलेलं नाही, एवढंच.

माझी फूटपट्टी कुठे अपुरी पडते

समीक्षा लिहिताना आपल्या मोजमापाची मर्यादा सांगायची असते, म्हणून हेही. संमतीपत्राची फूटपट्टी श्रद्धेला शंभर टक्के बसत नाही. प्रयोगातला सहभागी कधीही निघू शकतो, आणि ते योग्यच आहे. पण वचन देणं म्हणजे नेमकं हे, की उद्या मन फिरलं तरी मी राहीन असं आज स्वतःहून म्हणणं. वसईचा गोन्सालो गार्सिया जेझुइटांच्या हाताखाली जपानमध्ये राबला, त्यांच्यात प्रवेश मिळाला नाही, व्यापार केला, आणि मग मनिलात फ्रान्सिस्कन झाला. १५९७ साली नागासाकीला क्रूसावर गेला. त्यानं बाहेरचं दार पाहिलेलं होतं, त्यातून बाहेरही पडला होता. तरी परत आला. अशा माणसाला “तुझी संमती कधीही मागे घेता येईल” असं सांगणं जरा हास्यास्पद वाटतं.

पण म्हणूनच कडी आतून लावली की बाहेरून, हे बघणं महत्त्वाचं. आतून लावलेली कडी म्हणजे निष्ठा. बाहेरून लावलेली म्हणजे कैद, मग आत कितीही सुंदर ओव्या चालू असोत. आज बाहेरून कडी लावणारे फक्त चर्चवाले नाहीत. समाज आहे, सवलती जाण्याची भीती आहे, “बाटवलेले” हा शब्द आहे. ज्याला दर वेळी तुझी श्रद्धा तुझी नाहीच असं सांगितलं जातं, त्याची निवडही हिरावलीच जाते.

त्या सहकाऱ्याला मी नंतर उत्तर दिलं. दृढीकरणाच्या दिवशी मी निवडलं नाही. त्यानंतर अनेक वर्षं मी चर्चला गेले नाही, घरी कोणी बोललं नाही, मुकाट्यानं माझं ताट वाढलं. एका पास्काजागरणाला मी परत गेले, कोणी बोलावलं नव्हतं. मेणबत्त्या लागल्यावर बाप्तिस्म्याची वचनं सगळ्यांना पुन्हा विचारतात, दरवर्षी विचारतात. त्या रात्री मी पहिल्यांदा प्रश्न नीट ऐकला आणि थोडं थांबून उत्तर दिलं. तो म्हणाला, “म्हणजे डेटा पॉइंट एकच.” मी म्हटलं, हो, एकच.

तुम्ही धर्म, लग्न, स्थलांतर, विषय निवड, कशावरही काम करणार असाल आणि “स्वेच्छेने” हा शब्द तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असेल, तर तो अधोरेखित करा आणि समासात तीन प्रश्न लिहा. आधी विचारता आलं का? नंतर निघता आलं का? आणि जे निघाले ते तुमच्या नमुन्यात आहेत का? तिसऱ्याचं उत्तर शोधायला बसाल तेव्हा गाईड म्हणेल विषय वाढतोय. वाढू द्या.